डाव्या हाताची पेटी

कामो
४ मार्च १९७२

आदरणीय दादा,

इकडे छपरावरचा बर्फ अजून हातभर आहे. तिकडे हाकोनेत, हाताजुकुला प्लम फुलून गेले असतील. आपली आणि वहिनींची प्रकृती चांगली असेल, असं धरून चालतो.

एकवीस वर्षांत नववर्षाच्या छापील कार्डापलीकडे मी आपल्याला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे तेही गरज पडली म्हणून. आमची मित्सुए परवा घरातून निघून गेली. तांदळाच्या पिंपावर चिठ्ठी होती: 'हाकोनेला काकांकडे गुपितपेट्या करायला शिकायला जाते. शोधू नका, कुठे आहे ते सांगितलंच आहे. माझे बर्फाचे बूट आईने वापरावेत.' तिची आई, फुमी, दोन दिवस धड जेवलेली नाही.

मित्सुए आमची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. मी या घरात घरजावई म्हणून आलो आणि पेट्या सोडून खणांची कपाटं करायला लागलो. तसाच तिच्यासाठीही एक मुलगा पाहिला आहे. शूजी सहा वर्षं आमच्याकडे काम करतो. हात स्वच्छ, बोलणं कमी. उन्हाळ्याआधी लग्न उरकावं असा विचार होता. ती नाही म्हणाली नाही. ती गेली.

आपल्याकडे पोचली असेल तर कृपा करून तिला परतीच्या गाडीत बसवून द्यावं. तोवर तिला हत्यारांना हात लावू देऊ नये. ती डावखुरी आहे, माझ्यासारखीच. डावखुऱ्या हाताबद्दल आपलं मत मला तोंडपाठ आहे. ते पोरीला ऐकवू नये, एवढीच विनंती.

आपला,
किसुके


हाताजुकु
१० मार्च १९७२

किसुके,

पत्र मिळालं. बर्फाचं वाचलं. मला 'आपण, आपल्याला' असं लिहायचं कारण नाही, मी काही पोस्टमास्तर नाही.

मुलगी इथे आहे. बसमधून उतरून थेट कारखान्यात आली आणि म्हणाली, मी किसुकेची मुलगी. न सांगताही कळलं असतं, कान तुझे आहेत. मी तिला सांगितलं की इथे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, लोकांना आता यंत्रावरच्या पेट्या चालतात, परत जा. ती बरं म्हणाली आणि झाडू घेऊन भुसा काढायला लागली. दुसऱ्या दिवशी परत तेच सांगितलं, परत बरं म्हणाली. आठवड्यात कारखाना इतका लख्ख झाला आहे की मला माझी हत्यारं सापडत नाहीत.

गाडीत बसवून देण्याचं म्हणशील तर माझी कंबर धरली आहे, बसस्टॉपपर्यंत चालवत नाही. तूच ये, किंवा येऊ नकोस. मी तिला काही शिकवत नाही. हत्यारांना हात लावू देत नाही. बाकी ठीक.

तात्सुझो

(खाली पेन्सिलीने)
भावोजी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. कंबर ठणठणीत आहे. काल स्वतः ओदावाराच्या लोहाराकडे जाऊन डाव्या हाताच्या धारेचा चाकू घडवून आणला. पोरीला म्हणाले, 'जुना पडून होता, गंजू नये म्हणून वापर.' चाकूला लोहाराच्या भट्टीचा वास अजून येत होता. फुमीला सांगा, पोर तीन वाट्या भात खाते.
हिसानो


कामो
२५ मार्च १९७२

आदरणीय दादा,

मित्सुए सुखरूप आहे हे कळल्यावर फुमी पोटभर जेवली. वहिनींच्या पेन्सिलीतल्या ओळी तिने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावल्या.

लगेच न्यायला येता येत नाही. लग्नांचा हंगाम आहे, आणि कामोत कुणाचीही मुलगी आमच्या खणांच्या कपाटाशिवाय सासरी जात नाही. मेअखेर येईन, तोवर तिला राहू द्यावं. पण सावध करून ठेवतो: ही पोर 'बरं' म्हणाली की समजावं, ऐकणार नाही.

एक गोष्ट मात्र विचारतो. कधीतरी ती आपल्याला विचारेल की बाबांनी पेट्या का सोडल्या. मी तिला सांगितलेलं नाही. तोक्योचा तो व्यापारी समोर बसला होता, आबा होते, शेजारचे दोघे-तिघे होते. मी शेवटचा हात फिरवून तयार केलेली पेटी एकेक पट्टी सरकवत उघडली, आणि मग काही केल्या बंद होईना. तेव्हा आपण म्हणालात, 'डावखुऱ्याचं काम. पेटी उघडेल, पण मिटायची नाही.' सगळे हसले. आबाही हसले. पुढे गावात मला नावच पडलं, 'न मिटणारा'. चार महिन्यांनी मी कामोचं स्थळ पत्करलं.

तिने विचारलं तर हे सांगणार आहात का, ते कळवावं. म्हणजे मलाही माझं उत्तर तयार ठेवता येईल.

किसुके


हाताजुकु
१८ जून १९७२

किसुके,

कामोत मेअखेर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येते हे मला माहीत नव्हतं.

मी काही शिकवत नाही हे मागे लिहिलंच आहे. ती बघते. बघण्याला मी कसं अडवणार? रंगीत लाकडं जोडून केलेल्या ठोकळ्यावर मोठा रंधा ओढून आता ती कागदासारखे पापुद्रे काढते, इस्त्रीने सपाट करते, पेटीवर चिकटवते, मेण लावून घासते. पापुद्रा फाटला तर फाटला म्हणून सांगते. तू दोन पापुद्रे गिळले होतेस, आबांना दिसू नयेत म्हणून.

गेल्या आठवड्यात तिची स्वतःची पहिली पेटी झाली, दहा चालींची. ती घेऊन आम्ही युमोतोच्या दुकानदाराकडे गेलो. हा गृहस्थ तीस वर्षं आपल्या पेट्या विकतो आहे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, न बघता उघडतो. त्याने नेहमीप्रमाणे उजवीकडची पट्टी ढकलली. हलली नाही. बोटाला थुंकी लावली. हलली नाही. मग खाली बसला. मग चष्मा आणला. मग बायकोला हाक मारली. तिने आणलेला चहा गार झाला, शेवटी म्हणाला, पेटी बिघडली आहे. मी म्हटलं, करणारीला विचारा. मित्सुए अगदी अदबीने म्हणाली, 'सगळं उलट्या बाजूने आहे. मी काकांच्या समोर बसून शिकले. मला वाटलं, पेटी अशीच असते.'

तिने तिथेच उघडून दाखवली. दहाही चाली डावीकडून. दुकानदार म्हणाला, अशा आणखी करा, गिऱ्हाईक जितका वेळ अडकेल तितकी दुकानापुढे गर्दी.

मी तिला सांगितलं, पापुद्र्याचे कोपरे अजून नीट बसलेले नाहीत. ते खरंच नव्हते.

तू मार्चमध्ये काही विचारलं होतंस. ती अजून विचारत नाही. विचारेल तेव्हा बघू. सोबत खारवलेले प्लम पाठवले आहेत.

तात्सुझो

(खाली पेन्सिलीने)
युमोतोहून घरी येईपर्यंत बसमध्ये हे एकटेच हसत होते. लोक बघत होते.
हि.


कामो
९ जुलै १९७२

प्रिय जाऊबाई,

आपली भेट एकदाच झाली, मामंजींच्या अंत्यविधीला, आणि तेव्हा मी तुमच्या आसनावर बसले होते हे मला नंतर कळलं. तरी लिहिते आहे.

माझे यजमान तुम्हाला काय लिहितात ते मला दाखवत नाहीत, पण भावोजींची पत्रं मात्र जेवताना वाचून दाखवतात, भावोजींचा आवाज काढून. ते दुकानदाराचं पत्र तीन दिवस वाचलं. मग शूजीला सांगितलं. मग कपाट बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यांचा काही संबंध नसताना. आणि वर मला म्हणतात, मी अजून रागावलेलो आहे, हे तू विसरू नकोस.

आणखी एक सांगते, त्यांना कळू देऊ नका. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कपाटात ते एक चोरखण ठेवतात. कुणी मागितलेला नसतो, कुणाला सांगतही नाहीत. मधली फळी अमुक इतकी सरकवली, मग वरचा खण अर्धा ओढला, की मागून तो बाहेर येतो. काहींना दहा वर्षांनी सापडतो. मग त्या बायका आमच्याकडे येऊन हळू आवाजात आभार मानतात. कशाबद्दल ते मी विचारत नाही.

आता आमच्या घरची बातमी. लग्न लांबलं असं शूजीला सांगितलं तर तो लाकडांच्या ढिगावर मटकन बसला. आम्हाला वाटलं, मन मोडलं. तर म्हणतो, दोन वर्षं झाली, टोफूवाल्यांच्या तामीशी लग्न करायचंय, पण मालकांना नाही कसं म्हणू. म्हणजे ही दोन्ही मुलं नाही म्हणायला घाबरत होती आणि आम्ही मोठी माणसं तारखा काढत बसलो होतो. मी ठरवलं आहे, शूजीलाच घरात मुलगा म्हणून घ्यायचं. घर माझ्या आईचं, तेव्हा यजमानांना शेवटी सांगेन.

मित्सुएला म्हणावं, बूट मला घट्ट होतात.

तुमची,
फुमी


हाताजुकु
२० ऑगस्ट १९७२

भावोजी,

या वेळी पेन्सिल नाही, शाई. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

हिवाळ्यापासून ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळेनासा झालाय. काम दिसायला चालू आहे. करवत ओढतात, रंधा ओढतात, त्याला ताकद लागते आणि ती आहे. पण ऑक्टोबरमध्ये ओदावाराला प्रदर्शन आहे, त्यासाठी सत्तावीस चालींची पेटी घेतली आहे. सगळे भाग कापून झाले. राहिलाय तो शेवटचा हात. तुम्हाला मी काय सांगू? एकेक पट्टी केसाएवढी तासत जायची. मामंजी म्हणायचे ना, हलवली तर खुळखुळू नये, ढकलली तर अडू नये. ते बोटांनीच सांगावं लागतं, आणि ह्यांची बोटं काही सांगत नाहीत.

ओदावाराचे डॉक्टर म्हणतात, मानेतली शीर दबली आहे, संवेदना परत येईल किंवा येणार नाही. घरी येऊन मला म्हणाले, डॉक्टरने चांगला चहा पाजला.

पट्ट्या मित्सुए तासते. ती विचारते, 'काका, झालं का?' हे हातात घेतात आणि 'अजून थोडं' म्हणतात, कारण त्यांना कळतच नाही झालं की नाही. परवा मी चहा घेऊन गेले तर ती पाणी आणायला गेली होती, आणि हे पट्टी ओठांवरून फिरवून बघत होते.

पोरीचा हात चांगला आहे, पण पाच महिन्यांचा आहे. तुम्हाला बोलवा असं हे मरेपर्यंत म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणते.

हिसानो


कामो
२७ ऑगस्ट १९७२

दादा,

मित्सुएला न्यायला ११ सप्टेंबरला येतो. इथलं शूजी सांभाळेल. तीन आठवडे लागतील. एका मुलीला न्यायला तीन आठवडे कशाला, असं विचारू नये.

माझा रंधा आणि दोन चाकू सोबत आणतो. इथे ठेवले तर गंजतील.

किसुके


हाताजुकु
१६ ऑक्टोबर १९७२

किसुके,

प्रदर्शन झालं. आपल्या पेटीला दुसरं बक्षीस. पहिलं एका ताटाला मिळालं. ताट चांगलं होतं.

परीक्षक तिघे होते. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने पेटी कानाशी धरून हलवली. आवाज नाही. मग एका बोटाने पट्टी ढकलली, लोण्यासारखी सरकली. त्याने दुसऱ्यांकडे बघून नुसती मान हलवली. सतराव्या चालीपर्यंत गेला आणि पुढची विसरला, मित्सुएने त्याला सोडवलं. पेटीपुढच्या कार्डावर आपल्या तिघांची नावं घातली. जागा कमी होती म्हणून माझं बारीक अक्षरात घातलं.

मुलीला न्यायला आला होतास, ती मात्र इथेच राहिली. हे तू गाडीत बसल्यावर तुझ्या लक्षात आलं असेल.

तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून काम केलंस. आपण लाकडाबद्दल बोललो आणि जेवणाबद्दल बोललो. बाकी वेळ मी तुझा हात बघत होतो. बसस्टॉपवर मला तुला एक सांगायचं होतं आणि तोंडातून निघालं की बस वेळेवर आहे. ती वेळेवर नव्हतीसुद्धा.

ते आता लिहितो.

एकवीस वर्षांपूर्वीची ती पेटी तुझ्या हातामुळे अडली नव्हती. आतली आडवी पट्टी मी कापून दिली होती. मुरलेलं लाकूड माळ्यावर होतं. पावसाचे दिवस, शिडी चढायचा कंटाळा केला आणि खालच्या ढिगातलं ओलं लाकूड घेतलं. तू तासून बसवलीस तेव्हा ती बरोबर होती, नंतर वाकली. व्यापारी गेल्यावर चार दिवसांनी मी पेटी सोडवून पाहिली आणि मला कळलं. तू तेव्हा घरातच होतास. आबा होते. सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

का नाही, तेही लिहितो. आबा मला दोन-तीनदा म्हणाले होते की धाकट्याचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे, याला जप, हा आपल्या घराचं नाव काढेल. मला ते सहन झालं नव्हतं. मग तू गेलास, आबा गेले, आणि आता सांगायला कुणी उरलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. तू कामोत होतास, चंद्रावर नव्हतास.

काल मित्सुएला हे सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. ती बरं म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.



तात्सुझो

(या पत्राखाली पेन्सिलीने काही नव्हतं.)


हाताजुकु
१४ नोव्हेंबर १९७२

किसुके,

गेल्या महिन्यातलं पत्र पोचलं का? टपाल हरवतं असं ऐकतो. हरवलं असेल तर परत लिहीन, सगळं लक्षात आहे.

थंडी पडली.

तात्सुझो

(खाली पेन्सिलीने)
रोज दुपारी उतारावर जाऊन पोस्टमनची वाट बघत उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, झाडांचे रंग बघतोय. त्या उतारावर वर्षभर हिरवी राहणारीच झाडं आहेत. मित्सुए आता बोलते त्यांच्याशी, पण मोजकं.
हि.


कामो
५ डिसेंबर १९७२

दादा,

पत्र हरवलं नव्हतं. माझ्या खिशात होतं. सात आठवडे मी तुझ्यावर रागावलो होतो. एकवीस वर्षं चुकीच्या कारणासाठी रागावलो, आता खरं कारण मिळाल्यावर घाई कशाला करू?

तुला माहीत नाही तू काय केलंस. मी इथे आल्यापासून कुणाच्याही घरी कपाटाचा खण अडकला असं कानावर आलं की रात्री झोप लागायची नाही. पाऊस असो, बर्फ असो, सकाळी जाऊन बघून यायचो. बहुतेक वेळा आत मोजा अडकलेला असायचा. दर वेळी मला वाटायचं, माझा हात. मित्सुए तीन वर्षांची असताना डाव्या हातात जेवणाच्या काड्या घ्यायला लागली तेव्हा मी त्या काढून उजव्या हातात दिल्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. ती रडायची. ते माझंच चुकलं, तुझ्या माथी मारत नाही, पण तुला कळावं म्हणून लिहिलं. आणि आबा हसले होते, ते सगळ्यात लागलं होतं, ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. एवढं लिहून ठेवतो. यापुढे हा विषय काढणार नाही.

आता दुसरं. आबा माझ्या हाताबद्दल असं म्हणाले होते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्रात दोन पानं कबुली आहे, पण मी ती एकच ओळ वाचत राहिलो. कागद तिथे मऊ पडलाय. फुमी म्हणते, आता पुरे, उत्तर लिही, नाहीतर तो म्हातारा उतारावर गोठेल.

तर ऐक. पत्रातली कबुली मला चालणार नाही. तू ते चार माणसांत बोललास, चार माणसांत मागे घे. जानेवारीत वहिनींना घेऊन इकडे ये. आमच्या घरी, आमच्या जेवणात, फुमी, सासूबाई, शूजी, त्याची नवी बायको, तिचे आईवडील, सगळ्यांसमोर बोल. ओदावाराच्या पुढे तू कधी गेला नाहीस हे मला माहीत आहे. गाड्या तिथून पुढेही जातात.

मित्सुए तिथेच राहणार असं तिने कळवलं आहे. विचारलेलं नाही, कळवलं आहे. मी बरं म्हणालो.

किसुके


कामो
१७ जानेवारी १९७३

प्रिय मित्सुए,

आम्ही पोचलो. तू दिलेले भाताचे गोळे काकांनी गाडी ओदावारा सोडायच्या आत संपवले. पुढचा सगळा प्रवास ते खिडकीतून बघत होते आणि ओठ हलवत होते. मला वाटलं स्टेशनांची नावं वाचताहेत. मग लक्षात आलं, पाठांतर चाललंय.

तुझे बाबा स्टेशनवर आले होते. दोघं भाऊ एकमेकांना वाकून नमस्कार करून म्हणाले, थंडी आहे. मग घरापर्यंत आणखी दोनदा म्हणाले.

काल जेवायला नऊ माणसं होती. तुझ्या आईने कंद आणि सामन मासा घालून मोठं पातेलंभर कालवण केलं होतं. तामीचे आईवडील टोफू घेऊन आले होते. सगळ्यांच्या वाट्या भरल्या आणि काकांनी काड्या खाली ठेवल्या. ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, 'एकवीस वर्षांपूर्वी मी माझ्या भावाच्या हाताबद्दल जे बोललो, ते खोटं होतं. चूक माझी होती. मला ती माहीत होती, आणि मी गप्प बसलो.'

टोफूवाल्यांना काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात तुझी आजी, त्यांना हल्ली अगदीच ऐकू येत नाही, कानामागे हात धरून म्हणाल्या, 'काय म्हणतोय पाहुणा?'

तुझी आई सांगायला वाकली. बाबा म्हणाले, 'तू नको. त्यालाच सांगू दे.'

काकांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आजी म्हणाल्या, 'हात? कुणाचा हात मोडला?'

मित्सुए, तुझ्या काकांना मी चौतीस वर्षं ओळखते, त्यांना कधी घसा ताणून बोलताना ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदा ते असे ओरडले की शेजारच्या घरातलं दार उघडलं. 'माझ्या भावाचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. मी खोटं बोललो.'

आजींनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, 'एवढंच होय? मला वाटलं कुणी गेलं की काय. वाढ गं त्याला.'

आधी शूजीला हसू फुटलं. त्याला दाबता येईना. मग तामी, मग तुझी आई, मग टोफूवाले. तुझे बाबा हसत होते की काय ते मला नीट सांगता येत नाही, दोन्ही बाह्यांनी तोंड पुसत होते. मग त्यांनी पातेल्यातला सामनचा पोटाकडचा मोठा तुकडा उचलला, काकांच्या वाटीत घातला आणि म्हणाले, 'दादा, जेव. गार होतंय.'

काका दोन वाट्या जेवले आणि तिसरी मागितली.

आज सकाळपासून इतका बर्फ पडतोय की गाड्या बंद आहेत. चार दिवस तरी निघता येणार नाही, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलेलं दिसत नाही. दुकानदाराला सांग, राहिलेल्या पेट्या मीच पोचवेन. मेण संपत आलं असेल तर ओदावाराहून आण, वरच्या फळीवरचं जुनं वापरू नकोस.

हे लिहिते आहे तर डोक्यावर धपाधप आवाज येतोय. दोघं छपरावरचा बर्फ काढायला चढलेत. काकांनी जन्मात छपरावरचा बर्फ काढलेला नाही. 'दादा, कडेला जाऊ नकोस, मधून काप, मग ढकल,' असं तुझे बाबा सांगताहेत, आणि काका म्हणताहेत, 'मला शिकवू नकोस, मी तुझ्याआधी दहा वर्षं जन्मलोय.' आत्ता एक मोठा ढीग खाली आला, माझ्या खिडकीवरच. खोलीत अंधार झालाय आणि वर दोघं एकमेकांना सांगताहेत की हा तुझ्या बाजूचा होता.

तुझी,
हिसानोकाकू